मणक्याच्या ऑपरेशननंतर कमरेला पडलेला खळगा: तो भरतो का, आणि कसा

विचारणा थोडक्यात अशी आहे. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय ४८. गेल्या दिवाळीनंतर एल-४ आणि एल-५ या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचं ऑपरेशन झालं. डाव्या पायात उतरणारी कळ दुसऱ्या दिवशीच थांबली. आता आठ महिने झालेत. तेल लावताना पत्नीच्या हाताला व्रणाच्या डाव्या अंगाला खळगा लागला. तासभर उभं राहिलं की कंबर भरून येते, वाकून उठताना हात मांडीवर टेकावा लागतो. पुन्हा एमआरआय काढला. गादी ठीक, नस मोकळी, पण ‘पाठीच्या स्नायूंची झीज आणि त्यात चरबी’ असं रिपोर्टमध्ये आलं. त्यांचे प्रश्न तीन: ऑपरेशन चुकलं का, गेलेला स्नायू परत येतो का, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला बागेत उभं राहता येईल का?

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. ऑक्टोबरला अजून तीन महिने आहेत. आजपासून नीट कामाला लागलात तर गोडी छाटणीला निदान अर्धा दिवस बागेत उभं राहता येईल असं मला वाटतं. पण जसे गेले आठ महिने जपून काढलेत तसेच हेही तीन काढलेत, तर तेव्हा कंबर आजच्यापेक्षा कच्ची असेल. मी बावीस वर्षं नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते आहे. पिंपळगाव-दिंडोरीकडचे बागायतदार, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत उभ्याने काम करणारे, दिवसभर खुर्चीत बसणारे, सगळ्यांच्या पाठीत हा खळगा पाहिलाय. बहुतेकांनी तोवर एकच गोष्ट ऐकलेली असते: वाकू नका, वजन उचलू नका. कधीपर्यंत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आधी तो स्नायू कोणता ते समजून घ्या. कमरेच्या मधोमध बोट फिरवलंत की मणक्यांचे मागचे काटे लागतात. त्या काट्यांना अगदी लगटून दोन्ही अंगांना जो मांसल भाग आहे, तो मल्टिफिडस. त्याच्या बाहेरून लांब स्नायू खाली-वर धावतात, कमरेपासून बरगड्यांपर्यंत. तुमच्या भाषेत सांगायचं तर ते लांब स्नायू म्हणजे द्राक्षबागेच्या मंडपाच्या मोठ्या तारा. मल्टिफिडस म्हणजे एकेका खांबाला दिलेला ताण. तारा शाबूत असल्या तरी मधल्या खांबाचा ताण सुटला की वाऱ्यात तो खांब हलणारच. याच्या पट्ट्या आखूड असतात, दोन ते पाच मणकेच ओलांडतात, आणि प्रत्येक मणका जागेवर घट्ट धरतात. एल-४ आणि एल-५ या जोडावर स्नायूंमुळे जो घट्टपणा येतो, त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या मल्टिफिडसचा असतो, असं १९९५ साली प्रयोगशाळेत मोजलं गेलंय. तुमचं ऑपरेशन नेमकं त्याच जोडावर झालंय.

या स्नायूची एक अडचण आहे. पोटरी किंवा मांडीच्या स्नायूंना दोन-तीन पातळ्यांवरच्या नसांचा पुरवठा असतो, एक दुखावली तरी दुसरी थोडं सांभाळून घेते. मल्टिफिडसच्या प्रत्येक पट्टीला मात्र तिच्या वाट्याची एकच बारीक शाखा येते. तिला इजा झाली, ती ताणली गेली किंवा तिच्यावर दाब आला, तर ती पट्टी झोपतेच. आणि बराच काळ न वापरलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. एमआरआयमध्ये स्नायू काळपट आणि चरबी पांढरी दिसते. तुमच्या रिपोर्टमधली ‘चरबी’ ती हीच. ती पोटावरच्या चरबीसारखी उपास करून जात नाही.

आता ऑपरेशन चुकलं का? तुमच्या पायाची कळ गेली, नस मोकळी आहे, गादी जागेवर आहे. म्हणजे ज्यासाठी ऑपरेशन केलं ते साधलं. तरीही स्नायू झिजला, आणि त्याची कारणं तीन काळांत वाटली गेलीत.

पहिला काळ ऑपरेशनच्या आधीचा. घरी कपाटात आधीचा एमआरआय असेल, तो काढा. खिडकीसमोर धरा किंवा पांढऱ्या पडद्याच्या मोबाईलवर ठेवा. आडव्या कापाच्या चौकटींत एल-४ आणि एल-५ ची चौकट शोधा. मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळपट ठोकळे दिसतील. बऱ्याच जणांच्या त्या जुन्या फिल्ममध्येही ज्या पायात कळ होती त्या बाजूचा ठोकळा लहान असतो आणि त्यात पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, संगमरवरासारख्या. म्हणजे चाकू लागायच्या आधीच झीज सुरू झालेली असते. नस दबली, दुखायला लागलं, की मेंदू त्या भागाचा स्नायू आवरता घेतो. आणि आपल्याकडे माणूस ऑपरेशनला तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं घेतो. एक हंगाम काढू, मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू. त्या वर्षांचा हिशेब सर्जनच्या माथी मारणं मला योग्य वाटत नाही.

दुसरा काळ ऑपरेशनचा. गादीपर्यंत पाठीमागून पोचायचं तर स्नायू वाटेतच आहे. नेहमीच्या पद्धतीत तो काट्यापासून सोडवून बाजूला करतात आणि अवजाराने ओढून धरतात. तेवढा वेळ त्यातला रक्तपुरवठा दबतो. किती जोराने आणि किती वेळ ओढून धरलं यावर इजा ठरते, हे जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवलं. काळजी घेणारे सर्जन म्हणूनच मध्ये मध्ये ती पकड सैल करतात. स्नायू कमी दुखवायचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतले सर्जन विल्ट्से यांनी १९६८ मध्ये स्नायू काट्यापासून न सोडवता दोन स्नायूंच्या फटीतून आत जाण्याची वाट मांडली, पुढे सूक्ष्मदर्शक आला, मग नळीतून करायची पद्धत आली. छेद लहान झाला तशी इजा कमी झाली, पण शून्य झाली नाही. एका बाजूने केलेल्या ऑपरेशननंतर त्याच बाजूला खळगा पडणं, जसं तुमचं आहे, हे समजण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर कंबर दुखत राहिलेल्यांच्या पाठीचे स्नायू तपासले होते. त्यांच्यात नसपुरवठा तुटल्याच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणून ‘सगळं मनातलं आहे’ असं तुम्हाला कोणी म्हणालं असेल तर ते मनावर घेऊ नका. थकवा खरा आहे.

तिसरा काळ ऑपरेशननंतरचा. यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या हातात आहे तो एवढाच.

टाके निघाले, पायाची कळ थांबली, घरचे खूश. मग सुरू होतं जपणं. पट्टा लावल्याशिवाय ओट्यावर बसायचं नाही, बादली सुनेने उचलायची, बुटाची नाडी मुलाने बांधायची. पहिले काही आठवडे हे बरोबरच आहे, जखम भरायला वेळ लागतो. पण सहा आठवड्यांसाठी दिलेला पट्टा आठव्या महिन्यातही कमरेला असतो, उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं, तरी सोडायची भीती वाटते. कारण तो सोडायचा कधी हे विचारायचं राहून गेलं. पहिल्यांदाच गादीचं ऑपरेशन झालेल्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ मध्ये आणि नंतर पुन्हा २०१४ मध्ये घेतला गेला. चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं आणि अडचण काहीच न केलेल्यांपेक्षा लवकर कमी झाली, आणि त्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनची वेळ जास्त वेळा आली असं दिसलं नाही. तुम्ही चौतिसाव्या आठवड्यात आहात.

दुखणं थांबलं म्हणजे स्नायू आपोआप परत येत असेल असा समज सगळ्यांचाच असतो, डॉक्टरांचाही बऱ्याचदा असतो. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांवर हे तपासलं. चार आठवड्यांत दुखणं जवळजवळ सगळ्यांचंच गेलं. मल्टिफिडसचा आकार मात्र त्यासाठी नेमका व्यायाम केलेल्यांचाच भरून आला. बाकीच्यांचा दहाव्या आठवड्यालाही लहानच होता. पुढच्या वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांची कंबर पुन्हा धरली, न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांची. त्या लोकांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, म्हणून ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावणार नाही. पण हा स्नायू कोणी उठवल्याशिवाय उठत नाही, हे तुमच्या पाठीलाही लागू आहे.

उठवायचा कसा, यात माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी व्यायामाचा छापील कागद हातात द्यायचे आणि पंधरा दिवसांनी या म्हणायचे. मखमलाबादकडच्या एका शिक्षिकेने तो कागद सहा महिने इमानाने पाळला. रोज पहाटे, एकही खाडा नाही. तरी खळगा तसाच आणि थकवा तसाच. एक दिवस त्या व्यायाम करत असताना मी त्यांच्या कमरेवर हात ठेवला. बाहेरचे लांब स्नायू दोरखंडासारखे ताठ झालेले, आणि काट्यालगत माझं बोट कणकेत रुतावं तसं आत जात होतं. सहा महिने सगळं काम शेजाऱ्यानेच केलं होतं, आणि हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. त्यांचे सहा महिने माझ्यामुळे वाया गेले. त्यानंतर हात ठेवल्याशिवाय मी कोणालाही व्यायाम दिलेला नाही.

म्हणून तुमच्या घरीही सुरुवात बोटापासून करा. यासाठी वहिनी लागतील. पलंगावर पालथे झोपा, पोटाखाली उशी घ्या म्हणजे कमरेचा बाक सपाट होईल. वहिनींनी दोन्ही हातांची एकेक बोटं व्रणाच्या दोन्ही बाजूंना, काट्यापासून बोटभर अंतरावर, हलकेच दाबून ठेवायची. आता तुम्ही उजवा हात डोक्याच्या पुढे ठेवा आणि कोपर पलंगापासून दोन बोटं वर उचला. एवढंच. डाव्या बाजूच्या बोटाखाली स्नायू फुगून बोट वर ढकललं गेलं पाहिजे. मग डावा हात उचला, उजव्या बाजूला तसंच व्हायला हवं. फरक वहिनींना लगेच कळेल. तुमच्या डाव्या बाजूला बहुधा सुरुवातीला काहीच लागणार नाही, किंवा थरथर लागेल. त्याने घाबरू नका, आपल्याला सुरुवातीची जागा कळली.

मग हात न उचलता, फक्त मनाने त्या बोटाखाली स्नायू फुगवायचा प्रयत्न करायचा. श्वास रोखायचा नाही, कंबर हलवायची नाही, ढुंगण आवळायचं नाही. लघवीची धार अर्धवट थांबवावी तसा हलका ताण द्या आणि बेंबीखालचं पोट किंचित आत घ्या, पाठीतला स्नायू त्याच्याबरोबर जागा होतो. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा कंटाळवाणा जाईल, काही घडतच नाही असं वाटेल. आठ-दहा दिवसांत बोटाखाली उंदीर हलल्यासारखं काहीतरी लागतं. क्लिनिकमध्ये त्या क्षणी बायकोच्या तोंडून ‘अहो, लागलं!’ असं निघतं, आणि मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

पण इथे थांबायचं नाही. बहुतेकांची गाडी या थांब्यावरच अडकते. पलंगावरचे हलके व्यायाम वर्षानुवर्षं करत राहतात, आणि स्नायू जागा झाला तरी वाढत नाही, कारण वाढण्याइतकं काम त्याच्यावर पडतच नाही. बेल्जियममधल्या गेंट इथे २००१ साली जुनी कंबरदुखी असलेल्या ५९ जणांचे तीन गट करून दहा आठवडे व्यायाम दिले होते. एका गटाला फक्त स्नायू जागा करण्याचे व्यायाम, दुसऱ्याला त्यासोबत वजनाचे, तिसऱ्यालाही ते दोन्ही, पण वजन मध्ये पाच सेकंद थांबून धरायचं. मल्टिफिडसची जाडी लक्षणीय वाढली ती तिसऱ्याच गटात. आधी शिकवायचं, मग वजन द्यायचं, आणि वजन देताना थांबून धरायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या पाठींनीही मला तेच शिकवलंय.

त्यामुळे बोटाखाली स्नायू दोन्ही बाजूंना सारखा लागू लागला, साधारण तीन आठवड्यांत, की चार पायांवर या. हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कमरेच्या सपाटीवर पाणी भरलेलं फुलपात्र ठेवा. आधी नुसता एक पाय मागे लांबवा, मग विरुद्ध बाजूचा हात आणि पाय दोन्ही. पाणी सांडता कामा नये. आठ ते दहा सेकंद धरा. डावी बाजू लवकर डगमगेल, म्हणून मोजणी डाव्या बाजूच्या क्षमतेने करा. उजवी बाजू वीस वेळा करते म्हणून तिला वीस दिलंत तर दोन्हींमधलं अंतर वाढत जाईल.

त्याच आठवड्यांत वाकायला शिका. हो, वाकायला. वेळूची काठी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे आणि एक कमरेमागे. काठी डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाडाच्या वरची जागा, या तिन्हींना टेकलेली राहू द्या. आता गुडघे किंचित वाकवून ढुंगण मागे ढकला, मागच्या भिंतीला लावायचंय असं समजा. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली असेपर्यंतच खाली जा. हे वाकणं खुब्यातून होतं, कंबर फक्त धरून ठेवते, आणि धरून ठेवणं हेच मल्टिफिडसचं काम. ते जमलं की हातात वजन. घरात सगळ्यात चांगलं वजन म्हणजे बादली, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटरपासून सुरू करा. उचला, गुडघ्याच्या वर आल्यावर पाच सेकंद थांबा, उभे राहा, ठेवताना पुन्हा पाच सेकंद थांबा. दहा वेळा, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. आठवडाभर काही त्रास झाला नाही तर एक-दोन लिटर वाढवा. तुमचा द्राक्षांनी भरलेला क्रेट एकदा काट्यावर ठेवून वजन करा, तो आकडा भिंतीवर लिहा. जायचंय तिथपर्यंत. ऑक्टोबरपर्यंत पोचलं नाही तरी चालेल, छाटणीला क्रेट लागत नाही. काढणी जानेवारीपासून पुढे आहे.

दुखलं तर? व्यायामानंतर पाठीच्या मांसात भरून आल्यासारखं वाटणं, दुसऱ्या दिवशी थोडं अवघडणं, हे ठीक. काम केल्याची खूण आहे, एक-दोन दिवसांत जातं. कळ डाव्या पायात उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या तर एक पायरी मागे या आणि दाखवा. आणि काही गोष्टींसाठी थांबायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं: लघवी अडली किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं आणि चप्पल पायातून निसटू लागली. ताप येऊन व्रण लाल झाला किंवा पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

वजनाचे व्यायाम सुरू करायच्या आधी तुमच्या सर्जनशी एकदा बोला. तुमच्या ऑपरेशनमध्ये फक्त गादीचा तुकडा काढलाय, स्क्रू-पट्ट्या टाकलेल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी इतकं मोकळेपणाने सांगते आहे. ज्यांचे मणके स्क्रू टाकून सांधलेत त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. हाड जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत वजन नाही, आणि तिथे मल्टिफिडसपेक्षा वरच्या-खालच्या जोडांची काळजी जास्त. तो स्वतंत्र विषय आहे.

चालणं मात्र आजपासून. प्रत्येक पावलाला मल्टिफिडस आळीपाळीने काम करतो, आणि फुकट आहे. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मी पाहते, ऑपरेशन झालेले लोक कमरेवर हात ठेवून, पावलं घासत, गप्पा मारत चालतात. तसं नको. हात मोकळे, पाऊल लांब, पाठ सरळ, सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दोनदा. तुमच्याकडे बागेचा बांध आहे, मऊ माती आहे. पावसाळ्यात निसरडं असेल तर डांबरी रस्त्यावर चाला. अर्धा तास सलग जमू लागला की थोडा चढ घ्या.

आता तुमच्या कामाचं. ट्रॅक्टर सगळ्यात वाईट, आणि त्यातही ब्लोअर लावून फवारणी. बसल्या जागी हादरे, वर मान आणि कंबर सारखी मागे वळलेली, नोझल बघायला. तास-तासभर वळून बसणं तुमच्या डाव्या बाजूला आत्ता परवडणारं नाही. आरसा लावून घ्या, दर दोन ओळींनंतर उतरून चार पावलं चाला, आणि या हंगामात जमलं तर फवारणी दुसऱ्याकडे द्या. छाटणीत त्रास वेगळा असतो. हात वर, मान वर, आणि कंबर मागे बाक घेते. कच्चा मल्टिफिडस तो बाक सांभाळू शकत नाही, मग सगळा भार मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर येतो. एक उपाय अगदी साधा आहे: रिकामा क्रेट उलटा ठेवा आणि एक पाय त्यावर घ्या. कमरेचा बाक तेवढ्यानेच कमी होतो. दर काही मिनिटांनी पाय बदला. उंची कमी पडत असेल तर टाचा उचलून करू नका, क्रेटवर उभे राहून करा. पिंपळगावच्या एका बागायतदाराला हे सांगितलं होतं. त्याने छाटणीच्या सगळ्या बायकांना एकेक क्रेट दिला. पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर आलेल्या दोघींनी मला सांगितलं की संध्याकाळी कंबर धरायची थांबली.

खाण्याबद्दल लोक विचारत नाहीत, पण मी सांगतेच, कारण नुसत्या व्यायामाने मांस चढत नाही. शाकाहारी घरांत बाजरीची भाकरी, पालेभाजी, पातळ वरण, यात पोट भरतं पण प्रथिनं कमी पडतात. तुमच्या वयात, स्नायू वाढवायचा असताना, दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. वजन ७० किलो धरलं तर साधारण ७० ते ८५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पाव लिटर दुधात आठ, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ, ५० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत अकरा-बारा. तुम्ही मिसळ खाता तेव्हा तर्री कमी आणि मोड आलेली मटकी दुप्पट घ्या. एकाच जेवणात सगळं न घेता तिन्ही वेळेला वाटून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर तपासली नसेल तर तपासा, वाढलेली साखर स्नायू भरू देत नाही. ड जीवनसत्त्वही बघा, उन्हात काम करणाऱ्यांचंही कमी निघतं, अंगभर कपडे असतात. आणि तंबाखू असेल, तर हा हंगाम ती सोडायला चांगला आहे.

आता मालिशबद्दल. वहिनींनी हलक्या हाताने तेल लावणं चालू द्या, आखडलेले बाहेरचे स्नायू सैल होतात, बरं वाटतं, झोप लागते. त्याने खळगा भरणार नाही. आणि गुडघा किंवा कोपर रोवून ‘नस बसवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ही पाठ देऊ नका. करंटच्या मशीनचंही तेच, दुखणं थोडं उतरतं, पण खोलवरचा स्नायू वाढवायचं काम तिचं नाही. पट्टा आजपासून कमी करा: घरात अजिबात नाही, फक्त ट्रॅक्टरवर आणि लांबच्या प्रवासात. तीन-चार आठवड्यांनी तिथूनही काढा.

आता दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. जाडी बऱ्यापैकी परत येते, ताकद त्याहून जास्त येते. पण आठ महिन्यांत स्नायूत शिरलेली चरबी पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. जिथे नसेची शाखाच कायमची गेली असेल तिथली पट्टी परत येणार नाही, तिचं काम आजूबाजूच्या पट्ट्यांना आणि बाहेरच्या स्नायूंना उचलावं लागेल. म्हणजे वहिनींच्या बोटाला थोडा खळगा कदाचित कायम लागेल. माझ्याकडचे किती तरी लोक खळगा तसाच असताना सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून आलेत, कारण पाठ धरायला लागली होती. म्हणून मोजायचं तर खळगा मोजू नका, वेळ मोजा. पलंगाच्या कडेला कमरेपासून वरचं अंग बाहेर काढून पालथे झोपायचं, पाय कोणीतरी घट्ट धरायचे, हात छातीशी बांधून अंग जमिनीला समांतर किती सेकंद राहतं ते बघायचं. डेन्मार्कमध्ये १९८४ साली कंबरदुखीच्या अभ्यासात वापरलेली ही चाचणी आजही आम्ही वापरतो, २४० सेकंदांना घड्याळ थांबवतात. तुम्ही ती आत्ता करू नका. सहाव्या आठवड्यात, तेही कोणा फिजिओच्या देखत पहिल्यांदा करा, आणि आकडा क्रेटच्या वजनाशेजारी लिहा. तीस सेकंद आले तरी चालतील. सप्टेंबरअखेर तो दुप्पट झाला असेल तर छाटणीचे पहिले दोन तास तुमचे.

निफाडला किंवा पिंपळगावला फिजिओ असतील, त्यांच्याकडे गेलात तरी चालेल, दर आठवड्याला नाशिकपर्यंत यायची गरज नाही. फक्त पहिल्या भेटीत ते पाठीवर हात ठेवून बघतात का एवढं पाहा. जाताना दोन्ही एमआरआय न्या, आधीचाही आणि आताचाही. आणि वहिनींना बरोबर न्या, नेमकं कुठे बोट ठेवायचं ते त्यांनाच दाखवून घ्यायचंय.